शंभर मुलींच्या रांगेत सातवी

ताई, नमस्कार.

आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मी अक्कलकोट रस्त्याला एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तपासणी खात्यात आहे. आमची पहिली मुलगी परवा ७ महिन्यांची झाली. पूर्ण दिवसांची, जन्माचं वजन २ किलो ६०० ग्रॅम. लसीच्या कार्डावरची वजनं अशी आहेत: ६ आठवड्यांना ३.८, १० आठवड्यांना ४.४, १४ आठवड्यांना ४.९, पाचव्या महिन्यात ५.७, सहाव्यात ६.१ आणि आता ६.४ किलो. अंगावरचं दूध पिते. महिनाभरापासून वरणाचं पाणी आणि भाताची पेज दिवसातून दोनदा देतो. हसते, खेळते, आजारी नाही. पण पुण्यात माझ्या बहिणीचा मुलगा आहे, हिच्यापेक्षा चार दिवसांनी लहान. तो ८ किलो ८०० भरला. मोबाइलवरच्या ॲपमध्ये हिचं वजन टाकलं की 'पर्सेंटाइल ७' येतं. शंभरात सात! मी घरी काटा आणला. रोज सकाळी तिला घेऊन काट्यावर उभा राहतो, माझं वजन वजा करतो आणि वहीत लिहितो. कधी १०० ग्रॅम वाढतं, कधी २०० कमी होतं. आई म्हणते, सुनेचं दूध पातळ आहे, गुटी द्या, डबा सुरू करा. एका डॉक्टरांनी ठीक आहे सांगितलं, दुसऱ्यांनी टॉनिक लिहून दिलं. बायको काटा बघितला की रडते. गेल्या रविवारी तिने वही फेकून दिली. माझं काय चुकतंय? मला मुलीचं भलं व्हावं एवढंच पाहिजे.

एक बाबा, जुळे सोलापूर

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कार्डावरची वजनं तुम्ही पाठवलीत हे फार बरं केलंत. नाहीतर मला नुसता 'शंभरात सात' एवढाच आकडा मिळाला असता आणि त्यावरून मला काहीही सांगता आलं नसतं.

आधी तुमच्या जिवाला लागलेलं उत्तर. तुमची लेक बारीक आहे, आणि ती नीट वाढते आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ॲपमधले सात हे परीक्षेतले गुण नाहीत. तिच्याच वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे रांगेत उभ्या केल्या, तर तुमची लेक सातव्या जागी उभी राहील, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या मागे सहाजणी आहेत, पुढे त्र्याण्णव. रांगेत कुणीतरी सातवी असणारच. ती आजारी असते असं नाही.

आता पेन्सिल घ्या आणि कार्डामागच्या तक्त्यावर ती सहाही वजनं टिंबांनी मांडा. मुलींचा तक्ता गुलाबी असतो, तोच घ्या. बहुतेक घरांत लसीच्या तारखा भरलेल्या असतात आणि हा तक्ता कोरा राहतो. जन्माच्या वेळी ती जिथे होती, दोन रेषांच्या मधल्या ज्या पट्ट्यात, त्याच पट्ट्यात ती दीड महिन्याला आहे, पाच महिन्यांना आहे, आजही आहे. मी इथे बसून मांडून पाहिलं. तिने पट्टा सोडलेला नाही. जन्माचं वजन पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट व्हावं अशी अपेक्षा असते. तिचं तेव्हा दुपटीच्याही पुढे गेलं होतं. गेल्या महिन्यात ती ३०० ग्रॅम वाढली, आणि सहाव्या-सातव्या महिन्यात मधल्या वजनाची मुलगीही साधारण तेवढीच वाढते.

तुमच्या आई किंवा शेजारचं कुणी म्हणेल की हे तक्ते परदेशी मुलांचे. तसं नाही. २००६ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते काढले, त्यासाठी सहा देशांतली सुमारे ८,५०० मुलं मोजली, आणि त्या सहांत आपली दिल्लीही होती. ज्या मुलांना आईचं दूध मिळालं, घरात पुरेसं खायला होतं, आई सिगारेट ओढत नव्हती, अशीच मुलं त्यात घेतली. म्हणजे सगळं नीट मिळालं तर मूल कसं वाढतं, ते हा तक्ता दाखवतो. आपल्या लेकीला तो लावायला काही हरकत नाही.

भाच्याचं एका परिच्छेदात मिटवते. तो मुलगा आहे. सात महिन्यांच्या मुलांचं मधलं वजन ८.३ किलो, मुलींचं ७.६. सातशे ग्रॅमचा फरक तिथेच आला. तो जन्मला किती वजनाचा, दूध आईचं पितो की डब्याचं, त्याचे आईबाबा केवढ्या चणीचे, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. डब्याच्या दुधावरची बाळं तीनएक महिन्यांनंतर आईच्या दुधावरच्या बाळांपेक्षा वजनाने पुढे जाताना दिसतात, आणि ते पुढे जाणं म्हणजे जास्त तब्येत असं कुणी समजू नये. बहिणीला सांगा, वजनाचे फोटो पाठवू नकोस, भाच्याचे पाठव.

आता काट्याबद्दल. तुम्ही टॉवेल तपासता. ताग्यातून तुकडा कापायचा, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) काढायचा, ऑर्डरशी ताडायचा, हे तुमचं रोजचं काम. हाताला ग्रॅमची सवय आहे, म्हणून काटा घरी आला, हे मला समजतं. पण कारखान्यातला काटा आणि हा काटा यांत फरक आहे. मोठ्या माणसांचा काटा बहुधा १०० ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतो. तुमची लेक या वयात दिवसाला साधारण १० ग्रॅम वाढते, दोन छोटे चमचे साखरेएवढी. शंभराच्या टप्प्याच्या काट्यावर दहा ग्रॅम दिसणार कसे? तिने पोटभर दूध प्यायलं की शंभर-दीडशे ग्रॅम वाढले. लंगोट भरला आणि बदलला की तेवढेच गेले. तुम्ही स्वतः चहा प्यायलात, वजाबाकी चुकली. म्हणजे तुमच्या वहीत महिनाभर जे चढउतार आहेत, ते तिच्या वाढीचे नाहीतच, ते दुधाचे आणि लंगोटाचे आहेत. त्यावरून घरात रडारड झाली.

काटा परत करता आला तर करा, नाहीतर कपाटाच्या वर ठेवून द्या. महिन्यातून एकदा अंगणवाडीत किंवा दवाखान्यात, दर वेळी त्याच काट्यावर, उघड्या अंगाने किंवा एका पातळ झबल्यात, शक्यतो खाण्यापिण्याआधी. बस. वर्षाची झाली की दोन-तीन महिन्यांतून एकदाही चालेल.

तुमच्या बायकोला मात्र या काट्याची काय किंमत मोजावी लागली, ते मला लिहायचं आहे. पहिलं बाळंतपण. सात महिने रात्रीची सलग झोप नाही. स्वतःच्या अंगातून ती एक जीव वाढवते आहे. आणि रोज सकाळी नवरा बाळाला उचलून काट्यावर उभा राहतो, मागून सासूबाई म्हणतात की दूध पातळ आहे. तुम्ही बाळाचं वजन करता तेव्हा परीक्षेला ती बसलेली असते. वही तिने फेकली नसती तर मला जास्त काळजी वाटली असती.

दूध पातळ नसतं हो. आईचं दूध दिसायला पांढुरकं पाण्यासारखं असतं, विशेषतः सुरुवातीचं. शेवटी येणारं दाट. म्हणून एक बाजू बाळाला पुरती रिकामी करू द्यावी, मग दुसरी. चोवीस तासांत सहा-आठदा भरपूर लघवी होते, बाळ पिऊन झाल्यावर निवांत होतं, तक्त्यावरची रेषा वर जाते: दूध पुरतं आहे याचा याहून मोठा पुरावा नाही, आणि तिच्याकडे तिन्ही आहेत. हे आईंना तुम्ही सांगा. सुनेने सांगितलं तर ते उलट उत्तर होतं, मुलाने सांगितलं तर माहिती होते.

आणि तिला बसवून एकदा विचारा: बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का? जेवण जातं का? कशातच मन लागत नाही असं होतं का? दोन आठवडे रोज रडू येत असेल, बाळाजवळ जावंसं वाटत नसेल, स्वतःबद्दल वाईटसाईट विचार येत असतील, तर ते 'बाळंतपणाचं नाजूकपण' म्हणून सोडू नका. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. बाळाच्या तब्येतीच्या वहीत आईची झोपही यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

एवढं सगळं लिहून झाल्यावर आता मी तुम्हाला थोडं रागावणार आहे, पण वजनावरून नाही.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून गेलात: 'वरणाचं पाणी आणि भाताची पेज दिवसातून दोनदा.' सहा महिने तिची रेषा सरळ वर गेली ती आईच्या दुधावर. सहा महिन्यांनंतर त्या दुधाला जोड लागते. पुढच्या दोन-तीन महिन्यांत रेषा आडवी झाली, तर ती या पाण्यामुळे होईल. सोलापुरात मी हे शेकडो घरांत पाहिलं. उष्टावण थाटात होतं, चांदीच्या वाटीतून खिरीचं बोट लागतं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळाच्या नशिबी पाणी येतं, 'पचायला हलकं' म्हणून.

हिशोबच करू, तुम्हाला हिशोब आवडतो. आईच्या १०० मिलिलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात. वरणाच्या वरच्या निवळ पाण्यात त्याच्या कितीतरी कमी. डाळ तर पातेल्याच्या तळाशी राहिली. सात महिन्यांच्या बाळाचं पोट केवढं, एका लहान वाटीएवढं. ती वाटी पाण्याने भरली की तेवढं दूध ती कमी पिते. म्हणजे वर काही दिलं म्हणता म्हणता तुम्ही तिच्या पोटातलं चांगलं अन्न काढून पातळ अन्न घातलंत. या वयात, सहा ते आठ महिन्यांत, दुधाखेरीज वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ महिन्यांपुढे ३००. त्या पाण्यातून येत नाहीत.

मग द्यायचं काय? तुमच्या स्वयंपाकघरात जे आहे तेच, फक्त घट्ट. चमचा तिरका केला तरी खाली ओघळू नये, इतपत घट्ट. मूगडाळ-तांदळाची खिचडी गुरगुट शिजवून चमच्याच्या पाठीने मोडा आणि त्यात एक चमचा तूप किंवा तेल घाला. ज्वारीची ताजी, मऊ भाकरी (कडक भाकरी नव्हे, ती आपल्यासाठी) दाट वरणात भिजवून कुस्करा. रताळं, भोपळा, गाजर उकडून. पिकलं केळं, पपई. मेथी-चाकवत डाळीत शिजवून. अंडं चालत असेल तर पूर्ण उकडलेलं, पांढऱ्यासकट, कालवून. घरात मटण-मासे होत असतील तर त्यातला मऊ शिजलेला भाग बारीक करून. आणि शेंगदाणे! सोलापूरचं घर आणि बाळाला शेंगदाणा नाही, असं का? भाजून, साल काढून, अगदी बारीक वाटून, चिमूटभरापासून सुरुवात करून खिचडीत मिसळा. पहिल्यांदा देताना सकाळी द्या आणि अंगावर गांधी किंवा ओठांना सूज येते का ते पाहा. एखाद्या बाळाला आधीपासून अंगभर इसब असेल तर डॉक्टरांना विचारून. अख्खा दाणा, फुटाणा मात्र पाच वर्षांची होईपर्यंत हातात नको, श्वासनलिकेत अडकतो. तिखट शेंगाचटणी तर नाहीच.

किती? आज दोन-तीन मोठे चमचे, दिवसातून दोनदा-तीनदा. हळूहळू वाढवत प्रत्येक वेळी अर्धी वाटी. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा. दूध आहेच, दोन वर्षं आणि पुढेही. रोज एकच पदार्थ नको. आणि तोंड फिरवलं तर जबरदस्ती नको; नवी चव आठ-दहा वेळा पुढे आली की मग पटते. नाक दाबून पाजायची जुनी रीत बाळाला खाण्याची भीती शिकवते, आणि फुप्फुसात जायचा धोका वेगळाच.

वर्षाची होईपर्यंत वेगळं मीठ नको, साखर नको, मध तर चाटवायलाही नको. मधातल्या जंतूंमुळे लहान बाळांना लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. चहात बुडवलेलं बिस्किट आपल्याकडे फार चालतं. चहा रक्त वाढवणाऱ्या लोहाला अडवतो आणि बिस्किटात मैदा-साखर. ते थांबवा. गुटीचं म्हणाल, तर सहाणेवर उगाळलेलं, न उकळलेल्या पाण्यातलं काहीही या वयात मला नको आहे. जुलाब लागले तर महिनाभराची वाढ तीन दिवसांत जाते. आईंना नाराज करू नका. खिचडी त्यांच्या हाताची द्या, तेल लावणं त्यांच्याकडे ठेवा (नाकाकानात तेल नको, डोळ्यांत काजळ नको). आजीच्या हातून बाळ जास्त खातं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

डब्याची तुम्हाला गरज नाही. आईचं दूध येतं आहे, रेषा वर जाते आहे. बाळाच्या दुधाच्या आणि बेबी-फूडच्या डब्यांची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही.

टॉनिकची बाटली हातात घेऊन वाचा. लोह असेल किंवा ड जीवनसत्त्व असेल तर ते कामाचं. आईच्या पोटातून बाळ जेवढं लोह घेऊन येतं ते सहा महिन्यांत संपत येतं. म्हणून सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक-एक मिलिलिटर लोहाचं औषध देतात. आशाताईंकडे विचारा. शी काळपट होते, घाबरायचं नाही. ड जीवनसत्त्व ४०० युनिट रोज, वर्षापर्यंत, बहुतेक बालरोगतज्ज्ञ देतात. पण दोन बाटल्यांत दोन्हीकडे लोह आहे आणि दोन्ही चालू आहेत असं नको. आणि बाटली 'भूक वाढवणारी' असेल तर त्या डॉक्टरांना सरळ विचारा की सात महिन्यांच्या मुलीला ही कशासाठी. एक डॉक्टर धरा. दोघांकडे अर्धी-अर्धी गोष्ट गेली की दोघेही अर्धंच औषध देतात.

आता जे मी सहसा सांगत नाही ते सांगते.

मी आरोग्यसेविका म्हणून पूर्व भागात काम करत होते, नव्वदच्या दशकात. गल्लीत घराघरात यंत्रमाग. लसीकरणाच्या दिवशी एक बाई मुलगा घेऊन यायच्या. गुटगुटीत, बाळसेदार, झोळीच्या काट्यात टाकला की काटा खाली जायचा. मी दर वेळी वजन लिहायचे आणि म्हणायचे, 'वा, छान.' बाईंनी एकदा कौतुकाने सांगितलं, 'फार शहाणा आहे, माग चालू असला तरी गाढ झोपतो, दचकतसुद्धा नाही.' आम्ही सगळ्या हसलो. दीड वर्षाचा झाला तरी तो एक शब्द बोलेना, तेव्हा तपासणी झाली. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. एवढ्या खटखटाटात न दचकणारं बाळ माझ्यासमोर दर महिन्याला होतं आणि मी काटा बघत होते. तेव्हापासून मी कुठल्याही बाळाचं वजन लिहायच्या आधी त्याच्या मागे टाळी वाजवते.

म्हणून तुमच्या वहीत वजनाचा एक रकाना महिन्यातून एकदाच असू द्या, आणि बाकीची पानं दुसऱ्या गोष्टींना द्या. मागून हाक मारली की वळते का? आई खोलीत आली की चेहरा खुलतो का? खुळखुळा या हातातून त्या हातात घेते का? दोन्ही हात सारखे वापरते का, की एक मूठ मिटलेलीच? आधार न देता बसते का? चार महिन्यांपासून नवव्या महिन्यापर्यंत कधीही बसली तरी ते नेहमीचंच. आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही चालली तरीही. काही मुलं रांगतच नाहीत, सरळ उठून उभी राहतात. पण नऊ महिन्यांनाही आधाराशिवाय बसत नाही, 'बाबा', 'दादा' असे हुंकार अजिबात नाहीत, नजरेला नजर देत नाही, किंवा येत असलेली गोष्ट बंद झाली, तर वजन कितीही चांगलं असू दे, डॉक्टरांना दाखवायचं. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या तपासणीचं पथक येतं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे होतं, जन्मजात दोष, आजार, कमतरता, वाढीतला उशीर बघायला. तुमच्या अंगणवाडी ताईंकडून तारीख घेऊन ठेवा. जुळे सोलापुरातले लोक अंगणवाडी आपल्यासाठी नाही असं मानतात. ते चुकीचं आहे.

पुढची मोठी तारीख नऊ महिने पूर्ण झाल्याची. गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. खासगीत घेत असाल तर यादी थोडी वेगळी असेल, पण नोंद त्याच एका कार्डावर करून घ्या. त्या दिवशी नुसतं वजन करून परत येऊ नका. लांबी मोजायला सांगा, बाळाला फळीवर आडवं ठेवून, एकाने डोकं आणि दुसऱ्याने पाय धरून. टेप अंगावर लावून काढलेली लांबी खरी नसते. डोक्याचा घेरही. वजन-लांबी-घेर तिन्ही आपापल्या रेषेने चालत असतील तर बारीक बाळ हे नुसतं बारीक बाळ असतं. तुम्ही आणि बायको केवढे आहात, तुमची आई केवढी आहे, हेही डॉक्टरांना सांगा. इंजेक्शननंतर ताप आला तर वजनाच्या हिशोबाने पॅरासिटामॉल. सुजेवर तेल किंवा शेक नको.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं, तेही लिहून ठेवा. सलग दोन महिने वजन वाढलं नाही, किंवा कमी झालं. रेषा वरच्या पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात उतरली. तक्त्यावरच्या पिवळ्या भागात गेली. हे आठवड्यात दाखवायचं. त्याच दिवशी दाखवायचं म्हणजे: पिणं बंद झालं, सगळं ओकून टाकते, झटका आला, उठवली तरी उठत नाही, छाती आत ओढली जाते किंवा शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त श्वास चालतात, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, हिरवी उलटी झाली. तेव्हा गुटी नाही, दृष्ट नाही, रात्र झाली म्हणून सकाळ नाही.

आपल्या गावचा उन्हाळाही धरा. चाळिशीच्या वर पारा गेला की मोठ्यांचीही भूक मरते. बाळ महिनाभर कमी वाढू शकतं. दूध जास्त वेळा द्या. सहा महिने झाले आहेत, तेव्हा उकळून गार केलेलं पाणी वाटीचमच्याने घोट-घोट चालेल, बाटली नको. बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, साठवून वापरावं लागतं, म्हणून उकळणं चुकवू नका. जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टरांना विचारून झिंक, दिवसाला २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस, जुलाब थांबले तरी. दूध आणि खाणं चालूच.

उद्यापासून काय कराल? सकाळी काट्याच्या वेळेला लेकीला मांडीवर घ्या आणि खिचडीची वाटी स्वतः भरवा, आणि बायकोला तेवढा अर्धा तास झोपू द्या. फेकलेली वही उचलून आणली असेल तर आतली पानं फाडू नका, तिच्या देखत उलटी फिरवून मागच्या बाजूने नवी सुरू करा, आणि पहिल्या पानावर लेकीने आज काय खाल्लं ते तिला लिहू द्या.

नऊ महिन्यांच्या लसीला कार्ड घेऊन तुम्ही स्वतः जा. त्या दिवशीचं वजन, लांबी आणि ती कशी बसते ते मला कळवा. भाच्याचं कळवू नका.

तुमची ताई